साक्षीत राहून गेलेलं

तिला सगळे ‘कवळीवाली’ म्हणायचे, कारण दिवसभर ती दातांच्या प्रयोगशाळेत बसून लोकांच्या कवळ्या घडवायची. मेण तापव, दात बसव, घासून गुळगुळीत कर. हात कामात असले की डोकं ताळ्यावर राहायचं. रविवार मात्र जड जायचा. चर्चमध्ये उपासनेला गेलं की आईच्या पलीकडे तो बसलेला असायचा, तिचा सावत्र बाप.

तीन वर्षांपूर्वी त्याने दारू सोडली आणि स्वयंपाकघरात तिच्यापुढे हात जोडले. तिनेही प्रार्थना करून, मनापासून, ‘केली क्षमा’ म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं. पण राग काही घर सोडून गेला नाही. जिन्यात त्याचं खाकरणं ऐकलं की अजून तिचा हात दाराच्या कडीकडे जायचा. मग ती स्वतःलाच फैलावर घ्यायची, ‘माफ केलंस ना? मग हे काय?’

त्या रविवारी पाळकांनी त्याला, आयुष्य कसं बदललं याची सगळ्यांसमोर साक्ष द्यायला पुढे बोलावलं. तो छान बोलला. बोलण्यात तो कधीच कमी नव्हता. दारूचं सांगितलं, प्रभूने वाट दाखवल्याचं सांगितलं. मग म्हणाला, “नशेत कधीमधी लेकरावर हात उचलला जायचा. पण माझ्या मुलीचं मन मोठं. तिने सगळं पोटात घातलं. ये बेटा, इकडे ये.”

सगळ्यांच्या माना वळल्या. कुणीतरी नाक पुसलं. ती उठली आणि पुढे जायच्या ऐवजी तडक दाराबाहेर गेली.

उपासना संपेपर्यंत ती अंगणात येरझाऱ्या घालत होती. लोक बाहेर आले, चहाचे कप घेऊन घोळक्यांत उभे राहिले. पाळक तिच्याजवळ आले.

“बरं वाटत नाही का?”

“पाळकसाहेब, क्षमा केली म्हणजे खोटंही ऐकून घ्यायचं असतं का?”

“नाही,” ते म्हणाले. “काय खोटं होतं?”

“कधीमधी नव्हतं. दर शनिवारी होतं.”

तो मागोमाग आलाच होता. “अगं, झालं ते गेलं. आता कशाला उकरतेस? चार लोकांत...”

“चार लोकांत तुम्हीच काढलंत. मग माझा डावा कान बहिरा झाला, ते का नाही सांगितलं?”

“तू जिन्यावरून पडली होतीस,” तो सवयीने बोलून गेला.

तेव्हा आई मध्ये आली. जिचा आवाज उभ्या आयुष्यात भिंतीपलीकडे गेला नव्हता, तिने कप कठड्यावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “नव्हती पडली. यांनी मारलं. डॉक्टरला जिन्याचं मी सांगितलं. मी दाराबाहेरच उभी होते.”

तो मटकन पायरीवर बसला. “खरं आहे,” एवढंच पुटपुटला.

इतकी वर्षं तिला वाटायचं, कुणी हे मोठ्याने बोललं तर छातीवरचा धोंडा उतरेल. उलट तिची कानशिलं तापली. आई त्या वेळी दुकानात गेली होती, असंच तिला सांगितलेलं होतं. त्या माणसाला माफ करता करता ती अर्धी झाली होती. आईला माफ करायचंय, हे तिच्या प्रार्थनेत कधी आलंच नव्हतं.

“घरी चल,” आई म्हणाली.

“आत का नाही आलीस?”

“भीती वाटली.”

“आणि मला?”

“तुलाही वाटत होती. ओरडणं ऐकू येत होतं मला,” आई म्हणाली आणि मान खाली घालून उभी राहिली.

ती तरातरा फाटकाबाहेर पडली. आई मागून निघाली, धापा टाकत. कोपऱ्यावर येऊन ती थबकली. वळून काही पाहिलं नाही. आईची पावलं अगदी जवळ आली, तशी ती पुन्हा चालू लागली, तितक्याच झपाझप.