तुलाराम नादावला

तुलारामाने पाण्याचा पितळी गुंड पुन्हा ऐरणीवर चढवला आणि हातोडी उचलली, तेव्हा त्याच्या धाकट्या भावाने, जागेश्वरने, कपाळावर हात मारून घेतला.

"बस करा ना जी भाऊ! उद्या पोरीचं लगन आहे. पाव्हणे मांडवात येऊन बसले, अन् तुमी अजून ठोकूनच राहिले?"

तुलारामाने मान वर केली नाही. पितळेवर हातोडीचे ठसे एकाला एक लागून उमटत गेले. कारखाना कसला, घरामागची एक पडवी ती. पण भंडाऱ्याच्या त्या गल्लीत पाणी भरायचा गुंड घ्यावा तर इथलाच, असं बायका अजून म्हणायच्या. स्टीलची भांडी घरोघरी आली तरी म्हणायच्या.

"नादावला हा माणूस," जागेश्वर पुतणीला म्हणाला. "फोन उचलत नाही, हाकेला ओ देत नाही. दामिनी, मी बजारातून दुसरा गुंड आणतो. हा फुटते आता, पाहून घे. पितळ किती पातळ झालं!"

"नाही काका. नेईन तर बाबांच्याच हातचा नेईन."

"मंग बस हट्ट घेऊन!" म्हणत काका मांडवाकडे निघून गेला.

हळदीच्या अंगाने दामिनी तिथेच उभी राहिली. त्यांच्या घराण्याची रीतच होती. लेक सासरी निघाली की बापाने घडवलेला गुंड तांदूळ भरून तिच्यासोबत द्यायचा, आणि भरण्याआधी बापाने तो व्याह्यांसमोर बोटाच्या पेराने वाजवून दाखवायचा. चांगला गुंड घुमतो. चिरलेला बद्द वाजतो. उद्या तुमसरच्या पाहुण्यांसमोर हा बद्द वाजला तर बाबा पुन्हा हातोडी हातात धरणार नाहीत, हे तिला पक्कं माहीत होतं. आई गेल्यापासून या पडवीशिवाय त्यांना दुसरं होतं तरी काय?

नादावला. तिने स्वतःच हा शब्द मागच्या महिन्यात शाळेत शिकवला होता. एका पोरीने विचारलं होतं, "मॅडम, नादावणं म्हणजे येडं होणं का?" तेव्हा ती म्हणाली होती, "नाद म्हणजे आवाज. आधी आवाज कानात शिरतो, मग माणसाला दुसरं काही ऐकूच येत नाही. मग लोक त्याला वेडा म्हणतात. म्हणू देत." बोलताना डोळ्यांपुढे बाबाच होते, आणि तिला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता.

तुलारामाने हातोडी ठेवली. गुंड डाव्या तळहातावर तोलला, पेराने टिचकी मारली. आवाज उमटला, गोल, भरलेला, पडवीभर फिरत राहिला. दामिनीच्या अंगावर काटा आला. झाला की! यापेक्षा चांगला आणखी कसा वाजणार?

तुलारामाने दाराकडे पाहिलं. तिच्याकडे नाही, तिच्या बाजूला, उंबऱ्याजवळच्या रिकाम्या पाटाकडे. क्षणभर पाहिलं, ओठ आवळले आणि परत हातोडी उचलली.

"बाबा, झाला तो. ठेवा आता."

ठोकणं चालूच.

मागे वळताना तिचा पदर फळीवरच्या परातीत अडकला. परात फरशीवर आदळली आणि गरगर फिरत अशी खणखणली की मांडवातून कुणीतरी ओरडलं, "काय पडलं वो?"

तुलारामाने वळूनही पाहिलं नाही.

दामिनी भिंतीला टेकून उभी राहिली. अवो माय. जन्मभर पितळेवर ठोकणाऱ्यांचे कान जातात, हे गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? पण ज्याचे गुंड असे घुमतात त्याच्या कानांचा संशय कुणाला यावा! गिऱ्हाइकाशी बोलायची ती आई. फोन घ्यायची ती आई. आणि याच पाटावर बसून ती तांदूळ पाखडायची. गुंड वाजला की तिचं सूप थांबायचं, आवाज पुरता विरेपर्यंत ती थांबायची, मग मान एकदा हळूच हलवायची. बाबा हसून हातोडी ठेवायचे. काकू चिडवायच्या, "म्हातारपणी बी बायकोचं तोंड पाहून काम करते बुवा!" आई लाजायची. पोटच्या पोरीलासुद्धा तिने कधी कळू दिलं नाही.

आणि हा माणूस, आवाज गेला तरी आवाजाचा नाद न सुटलेला. दामिनीचे डोळे भरून आले. ते तिने हळदीच्या हाताने पुसले.

कोपऱ्यातलं सूप तिने उचललं, मांडवातून पसाभर तांदूळ आणले आणि पाटावर जाऊन बसली. पाखडू लागली. हातोडी थांबायची वाट पाहत राहिली.

तुलारामाने गुंड तळहातावर तोलला, टिचकी मारली आणि दाराकडे पाहिलं.

सूप थांबलं. आवाज घुमत राहिला, बारीक झाला, आणखी बारीक झाला. तिने घाई केली नाही. तो पुरता विरला तेव्हा तिने मान एकदा हळूच हलवली.

तुलाराम तिच्याकडे पाहतच राहिला. मग हातोडी ऐरणीखाली सरकवून त्याने गुंड धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला.

"तुही माय बी एवढाच वेळ लावे," तो म्हणाला.