प्रार्थनेचा विषय

कुलूप लावलेल्या घरात चमचा पडला.

जिन्यात चिटपाखरू नव्हतं, म्हणून तो आवाज केवढा तरी वाटला. आपल्या दारात उभ्या मार्थानं जिन्यात खाली-वर पाहिलं. समोरच्या दारावरची नावाची पाटी काढलेली, कडीला मोठं कुलूप, आणि आत आरिफा तान्ह्या समराला उराशी धरून बसलेली.

त्र्याण्णवचा जानेवारी. मुंबई पेटली होती आणि धग वाशीपर्यंत पोचली होती. आरिफाचा नवरा मुख्तार रायगडातल्या गावाहून गाडी आणायला गेला होता. जाताना बाहेरून कुलूप घालून त्यानं चावी मार्थाच्या हातात ठेवली. "वहिनी, कुणी विचारलं तर सगळेच गावी गेलेत म्हणा."

मार्थानं ते पाळलंही. दूधवाल्यापाशी, वाण्यापाशी तिनं ताकास तूर लागू दिला नाही. पण आज दुपारी तिच्या घरी बायकांची प्रार्थनासभा भरली. एकेकीनं विषय सांगायचा, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, ही रीतच. कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलाची नोकरी. मार्थाची पाळी आली. डोळे मिटून ती बोलून गेली, "प्रभू, समोर कुलपाआड बसलेल्या आरिफाला, तिच्या लेकराला सांभाळ. चावी तू माझ्या हाती दिलीस."

सगळ्या आमेन म्हणाल्या. शेवंताबाईंनी तर पदरानं डोळे पुसले.

संध्याकाळी वॉचमन गोटीराम धापा टाकत वर आला. "वयनी, चावी तुमच्याकडं हाय नं?"

"कुठली चावी?"

"मला नका बनवू. शेवंताबाय खाली नलावर तुमचं कवतिक करत व्हत्या. मार्थाचं काळीज लय मोठं, म्हनं. आता गेटवर चार जन त्यांचा मजला कितवा, इचारतान. मी त्यांना च्या पाजतो. तवर काय ते करा."

मार्थानं धावत जाऊन समोरचं कुलूप काढलं. जीभ म्हणजे ठिणगी, अख्खं रान पेटवते, हे ती लहानपणापासून चर्चमध्ये ऐकत आली होती. तिला वाटायचं, ते भांडकुदळ बायकांसाठी असतं. प्रार्थना करणारीसाठी नाही.

"कुणी सांगितलं त्यांना, ताई?" खाली माणसं आल्याचं ऐकून आरिफानं विचारलं.

"आधी आत चल." मार्थानं मायलेकींना आपल्या न्हाणीघरात बसवलं, समोरचं दार होतं तसं कुलूप घालून बंद केलं, आणि चावी पिठाच्या डब्यात खुपसली.

जिन्यात चपला वाजल्या. तिनं चार वर्षांच्या शेरॉनला कुशीत ओढलं. "आता एक शब्द बोलायचा नाही, राणी."

समोरचं कुलूप कुणीतरी खडखडावलं. न्हाणीघरात समरा कुरकुरली आणि लगेच गप्प झाली, जणू तोंडावर हात आला.

शेरॉननं आईच्या कानाला ओठ लावले.

"आई, प्रार्थना करताना तुझे डोळे मिटलेले होते ना? मग देवाशिवाय कोण कोण ऐकत होतं, ते तुला कसं दिसलं असतं?"