दाराजवळची फळी

"च्यायला, पुन्हा तेच!" सुतार रेकॉर्ड प्लेअरवर खेकसला. तिसऱ्या कडव्याशी आली की सुई अडखळायची आणि तीच अर्धी ओळ घोळवत बसायची. त्याला हवं होतं शेवटचं कडवं. बायको स्वयंपाकघरात तेवढंच गुणगुणायची. बाकीचं गाणं तिला येतच नव्हतं. ती गेल्यापासून ते कडवं घरात वाजलं नव्हतं.

सकाळपासून त्याने काय काय नाही केलं! सुई नवी बसवली. तबकडी ओल्या फडक्याने पुसली. टेबलाखाली पाचर सारून लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणला. आयुष्यभर लोकांची दारं-खिडक्या वठणीवर आणली, पण हे एवढंसं खोकं दाद देईना.

"बाबा, सोडा ना आता. मोबाइलवर लावून देते," मुलगी म्हणाली.

"तुझं तू ऐक मोबाइलवर."

"गाणं तेच आहे हो!"

"असेल. मला हे वाजवायचंय."

तेवढ्यात खालच्या मजल्यावरचा शिंपी धापा टाकत वर आला. "मिस्त्री, बास करा! तीच ओळ ऐकून ऐकून मी शर्टाला दोन कॉलर लावीन. वहिनी होत्या तेव्हा बरं होतं."

"तेव्हा कुठे अडकत होतं?"

"अडकायच्या बेतात आलं की वहिनी धप्पकन पाय आपटायच्या. माझ्या डोक्यावर धूळ! एकदा भांडायला आलो, तर म्हणाल्या, भाऊजी, तबकडीला तिथे चरा पडलाय, हादरा दिला की सुई पुढे सरकते. पण ह्यांना सांगू नका, मशीन खोलून बसतील."

सुताराने सुई उचलली. तो धप्प आवाज त्याने वर्षानुवर्षं ऐकला होता. ती चिडली असं समजून दर वेळी त्याने मुकाट आवाज कमी केला होता.

त्याने गाणं पुन्हा लावलं आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन पाय आपटला. सुई ढिम्म. पुन्हा आपटला. टाच झिणझिणली. त्याने खाली पाहिलं, तर नव्या खिळ्यांची डोकी चमकत होती.

तिथली फळी कायम डुगडुगायची. ठोकायला गेला की बायको म्हणायची, "राहू दे, मला लागते ती." ती गेल्यावर घरात करायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने पहिली तीच ठोकली होती.

"अंबूर दे माझ्या पेटीतला," तो मुलीवर ओरडला. "खिळे उपटायचेत."

खिळे निघता निघेनात. एकाचं डोकंच तुटलं. "कोणी सांगितलं होतं एवढं पक्कं काम करायला!" तो स्वतःवरच करवादला आणि पटाशीने फळी उचकटून पुन्हा डुगडुगती केली.

"मी खाली जातो," शिंपी म्हणाला. "धूळ पडली की हाक मारतो."

पहिल्या खेपेला पाय जोरात पडला आणि सुई खर्रकन पार शेवटाला गेली. "हळू, बाबा!" दुसऱ्या खेपेला उशीर झाला. तो चरफडत परत आला, सुई उचलली, पुन्हा ठेवली, दाराशी गेला. तिसरं कडवं आलं. त्याने पाय आपटला.

"पडली, मिस्त्री! पडली धूळ!" खालून आरोळी आली.

"गप्प बसा हो!" तो फळीवर तोंड नेऊन ओरडला. "ऐकू द्या!"