त्यांना जोडी हवी होती

चमचा बरणीत उभाच होता. रास्पबेरीच्या मुरांब्यात रुतलेला, किंचित कललेला, आणि त्याच्या दांड्यावर अंगठ्याचा एक चिकट ठसा — ग्लेबचा. क्लबची माणसं सकाळी येऊन समोरच्या कॉटवरची चादर, उशी, भिंतीवरचं कॅलेंडर, सगळं पोत्यात भरून घेऊन गेली होती. खिडकीतली ही बरणी तेवढी विसरली. की विसरली नव्हती? साखर कुपनांवर मिळते अशा दिवसांत मुरांब्याची अर्धी बरणी कोण विसरतं... पळून गेलेल्याचं उष्टं नको, असंही असेल.

वेन्या आपल्या कॉटवर बसून तिच्याकडे बघत राहिला. आइस हॉकीच्या संघातल्या सगळ्यांनी वर्षाचे दहा महिने घरदार सोडून या सराव-तळावर राहायचं, असा क्लबचा नियम. त्यामुळे सहा वर्षं ही खोली त्या दोघांची, आणि सहा वर्षं बर्फावरही तेच — उजवीकडे वेन्या, डावीकडे ग्लेब, बचावाची जोडी. लीदा, त्याची बायको, कधीकधी चेष्टेनं म्हणायची, तुझा संसार तिकडेच आहे, इथे तू पाहुणा येतोस. आणि मग परवा, स्वीडनच्या त्या विमानतळावर, मैत्रीचे सामने संपवून सगळे परतीच्या विमानाची वाट बघत बसलेले असताना, ग्लेब उठला आणि म्हणाला, "चहा आणतो. तुला साखर किती?"

"नको," वेन्या म्हणाला होता.

सहा वर्षं रोज सकाळी माझ्यापुढे बिनसाखरेचा चहा ठेवणारा माणूस मला साखर विचारतो, आणि मी मान वरही न करता नको म्हणतो... वर बघितलं असतं तर काय दिसलं असतं? विमानात शेजारची खुर्ची रिकामी राहिली, आणि मॉस्कोला उतरल्यावर कोणीतरी हळूच म्हणालं, कॅनडा. तेवढाच शब्द. जणू कोणाच्या दुखण्याचं नाव सांगावं तसा.

सरावाला त्याच्या डावीकडे, ग्लेबच्या जागी, संघातला जुना गडी मारात आला. तेहतीस वर्षांचा, दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या बांधलेला, भला माणूस. वेन्यानं कोपऱ्यातून चकती उचलली आणि नेहमीसारखी न बघताच मागे डावीकडे ढकलली — तिथे ग्लेब असणार, असतोच, त्याच्या स्केट्सचा तो जरा घासटणारा आवाज कानांनी नाही, पाठीनं ऐकायचा — आणि चकती मोकळ्या बर्फावरून घरंगळत जाऊन पलीकडच्या फळीवर आपटली. मारात चार हात पुढे उभा होता.

"अरे, ती कॅनडाला नाही पोचायची," गोलमधून झोरा ओरडला. "टपालानं पाठव."

सगळे हसले. वेन्याही हसला. दुसऱ्यांदाही तसंच झालं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही, आणि ते जास्त वाईट होतं. मारात जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, "मी कुठे उभा राहू सांग बाबा, तिथे राहतो." आणि वेन्याला ते सांगता येईना. ग्लेब कुठे उभा राहायचा हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं.

सराव संपल्यावर प्रशिक्षकांनी त्याला खोलीत बोलावलं. अर्काडी सावेल्येविच साठीकडे झुकलेले, या परवापासून आणखी झुकलेले. खिडकीबाहेर पोलाद कारखान्याचा धूर एप्रिलच्या उरल्यासुरल्या बर्फावर तांबूस बसत होता. त्यांनी वेन्याला बस म्हटलं नाही, स्वतःही बसले नाहीत.

"वरून माणसं आली होती चौकशीला. मी सांगितलं, वेन्याला काही ठाऊक नाही. खरं सांगितलं ना मी?"

"खरं आहे, अर्काडी सावेल्येविच."

"काहीच बोलला नाही तो?"

"साखर विचारली," वेन्या म्हणाला, आणि आपण हे का म्हणालो ते त्यालाच कळलं नाही.

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून बघितलं. "आपला दुभाष्या काल माझ्यापाशी रडला. त्याच्यामार्फतच कॅनडावाल्यांशी बोलणी झाली होती, हिवाळ्यापासून. त्यांना जोडी हवी होती, पोरा. तुम्ही दोघं. एकट्या ग्लेबसाठी ते आधी तयारच नव्हते." ते थांबले. "तू का नाही गेलास, हे विचारायला बोलावलं मी तुला. आभार मानायला, खरं तर."

"मला कोणी विचारलंच नाही."

"असं कसं? त्यानं त्यांना कळवलं, वेन्या येणार नाही म्हणून. मग विचारलं कोणाला?"

खोलीतला रेडिएटर टकटकत होता. म्हाताऱ्यानं त्याचा खांदा दाबला, म्हणाला, "घरी जाऊन ये आज. मी बघतो इथलं."

ट्रॅममध्ये तो उभाच राहिला, जागा असून. येणार नाही... माझ्या नावानं कोणीतरी कुठल्यातरी परक्या माणसाला सांगितलं, येणार नाही, आणि त्यानं मान डोलावली असेल, कागदावरचं एक नाव खोडलं असेल. आणि मी त्या दिवशी काय करत होतो? स्केट्सच्या नाड्या बांधत असेन. सूप पीत असेन. तीन दिवस तो ग्लेबवर जळत होता — गेलास तर गेलास, मला सांगितलं का नाहीस — आणि त्या रागाची ऊब होती, तिच्यावर तीन दिवस निघाले होते. आता त्या रागाला कुठे धरावं कळेना. तो मला सोडून गेला, की मला मागत होता?

लीदा शाळेतून नुकतीच आली होती. ओट्याशी उभी राहून बटाटे सोलत होती. त्याला असं मधल्या वारी दारात बघून ती क्षणभर थबकली आणि पुन्हा सोलू लागली.

"त्यांना आम्ही दोघं हवे होतो," तो कोट न काढताच म्हणाला. "ग्लेबनं सांगितलं, मी येणार नाही. मला न विचारता."

सालाची लांब पट्टी तुटून पडली.

"मला विचारलं होतं," लीदा म्हणाली.

ती वळली नाही. वळून म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"फेब्रुवारीत. तू खांदा दाखवायला इस्पितळात गेला होतास, तेव्हा आला. त्या स्टुलावर बसला. म्हणाला, लीदा, वेन्या येईल का गं? मी म्हटलं, माझ्यानं नाही व्हायचं. मी आयुष्यभर पोरांना रशियन शिकवलं, तिथे काय शिकवू, मौन? आई इथे मातीत आहे. माझ्यानं नाही व्हायचं." तिनं हात पुसले. "मी तुझ्याबद्दल बोललेच नाही रे. माझं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तो नाही येणार. मग चहा प्यायला आणि गेला."

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"रोज सांगणार होते."

"दोन महिने."

"हो." आता ती वळली. डोळे कोरडे होते, चेहरा मात्र आजारातून उठल्यासारखा. "सांगितलं असतं तर गेला असतास?"

त्यानं तोंड उघडलं.

"बघ," ती हळूच म्हणाली.

"बघ काय. मला बोलू दे."

आणि ती खरंच थांबली. सुरी खाली ठेवून, हात बांधून, वर्गात अडखळणाऱ्या मुलासाठी थांबत असेल तशी, घाई न करता. पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं. तो आपल्या आत शोधत गेला — गेलो असतो, असं म्हणून बघितलं, आणि ते ग्लेबचं वाक्य वाटलं; नसतो गेलो, म्हणून बघितलं, तर त्याला लीदाचा आवाज होता. त्यांच्या मागे आणखी एखादा आवाज असेल म्हणून तो कान देत राहिला. इतकी वर्षं मी कधी काही ठरवलं होतं का? लग्नाचा दिवस तिनं ठरवला होता, जोडी म्हाताऱ्यानं लावली होती, आणि बर्फावर तर ठरवायची वेळच येत नसे, चकती मागे ढकलली की ग्लेब तिथे असायचा. मला त्यात सुख होतं. खोटं कशाला बोलू, फार सुख होतं. दोघांनीही मला बरोबर ओळखलं होतं, की ओळखायला तिथे कोणी नव्हतंच, म्हणून त्यांनी आपापलं माणूस तिथे उभं केलं?

तो बाल्कनीत गेला. खाली बायका गालिचे झटकत होत्या, धपाधप, कारखान्याचा भोंगा झाला होता आणि माणसं फाटकातून बाहेर पडत होती, आणि प्रत्येकाला कुठे वळायचं ते ठाऊक होतं. त्यानं कठडा घट्ट धरला. ग्लेबवरचा राग, लीदावरचा राग, दोन्ही कुठेतरी शेजारीच असणार, हात लांबवला तर सापडतील; पण हात लांबवावासा वाटेना.

"वेन्या," आतून लीदा म्हणाली, तिचा आवाज प्रथमच कापला. "जेवायला येतोस ना?"

"आलो," तो म्हणाला.

आणि तो शब्द तोंडातून निसटल्यावर त्याला तो ऐकू आला — इतका पटकन, इतका तयार, की जणू शेजारून दुसऱ्याच कोणी दिला असावा. त्याला भूक होती का? आत जायचं होतं का? तो अगदी स्तब्ध उभा राहिला, श्वास रोखून, आणि या एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर स्वतःकडून यायची वाट बघू लागला.