चौदा नंबरचा डबा

गुरुवारी सकाळी ॲथोल गिलिंग खुर्चीत बसल्या बसल्या लेकीला म्हणाला, "चौदाचं कार्ड वाच."

रोवीनाने डब्यावर चिकटवलेलं कार्ड वाचलं. सात तारखा होत्या आणि सातही तारखांपुढे एकच शब्द: नाकारलं.

"म्हणजे आज आठवी," ॲथोल म्हणाला. "आज नाही घेतलं तर फ्रीझर."

तो हे चिडून म्हणाला नव्हता. दूध संपलं तर आणायला हवं, असं म्हणावं तितक्या सहज म्हणाला होता. मरीबा गावाबाहेर, आंब्याच्या बागांना लागून त्याची तंबाखू सुकवण्याची जुनी कोठी होती. त्या कोठीत त्याने चौतीस वर्षं ठिपक्यांचे अजगर वाढवले होते. भिंतीला लागून फळ्यांचं उंच कपाट, त्यात उथळ प्लास्टिकचे डबे, प्रत्येक डब्याच्या मागे उबेची पट्टी, आणि डब्यात शिसपेन्सिलीएवढं एकेक पिल्लू. पिल्लाने पहिली कात टाकली की दर आठवड्याला त्याच्यापुढे बिनकेसाचं उंदराचं पोर धरायचं. त्याला तिथे सगळे 'गुलाबी' म्हणत. आठ वेळा गुलाबी नाकारणारं पिल्लू आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये जायचं. त्याच फ्रीझरच्या वरच्या जाळीत उंदरांच्या पिशव्या असत. खायला मिळायचे ते आणि खायला न शिकलेले ते, सगळे एकाच थंडीत.

दुसरे पाळणारे असल्या हट्टी पिल्लासाठी पाल धरतात. गुलाबीला पालीच्या अंगावर घासायचं की तिचा वास लागतो, आणि रानात पालीच खाणारं पिल्लू फसून उंदीर गिळतं. एकदा फसलं की पुढे आपणहून खातं. लेस्टर मगरिज तेच करायचा. लेस्टर म्हणजे ॲथोलचा चाळीस वर्षांचा मित्र आणि गावच्या सर्पमंडळाचा चिटणीस. पण ॲथोलच्या कोठीत पाल आणायला बंदी होती. त्याचं म्हणणं, लाडावलेल्याची पोरंही लाडावलेलीच निपजतात; ज्याला समोरचं ताट ओळखता येत नाही त्याने या घराण्यात राहू नये. हे बोलताना तो बहुधा रोवीनाकडे तोंड करायचा. नजरेचा मधला भाग गेल्यामुळे त्याला समोरचं दिसत नसे, कडेकडेचं तेवढं दिसे. पण ती कुठे उभी आहे ते त्याला बरोबर कळायचं.

डोळे गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्याचे हात म्हणजे रोवीना होती. गावच्या वाचनालयात कामाला जाण्याआधी ती रोज सकाळी इथे यायची, पाणी बदलायची, कागद बदलायची, कार्डं लिहायची. आणि या सहा वर्षांत अकरा पिल्लं तिने स्वतःच्या हाताने आइस्क्रीमच्या डब्यात ठेवून झाकण लावलं होतं. तिच्या घरी मात्र कधी मांजरही नव्हतं.

तिने कपातल्या गरम पाण्यातून गुलाबी काढलं, पुसलं, लांब चिमट्यात धरलं आणि चौदाचा डबा ओढला. पिल्लाने मान इंग्रजी एससारखी मागे घेतली, चिमट्यावर दोनदा तोंड मारलं, ते रागाने, भुकेने नव्हे. मग ते कागदाच्या घडीखाली गेलं. दहा मिनिटं ती वाकून उभी राहिली. कंबर भरून आली. गुलाबी गार झालं.

"काय?" ॲथोलने विचारलं. "घेतलं का?"

हे पिल्लू अंड्यातून बाहेर येताना रोवीनाने पाहिलं होतं. बाकीची भराभर निघाली. याने टरफलाला चीर पाडली आणि नाकाचं टोक बाहेर काढून दोन दिवस नुसतं बसून राहिलं. त्या दोन दिवसांत ती वाचनालयातून जेवणाच्या सुट्टीत दोनदा इथे येऊन गेली होती. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

"घेतलं," ती म्हणाली. आणि गुलाबी कागदी रुमालात गुंडाळून स्वेटरच्या खिशात टाकलं.

ॲथोलने तळहात पुढे केला. "दे बघू इकडे."

तिने पिल्लू त्याच्या हातावर ठेवलं. त्याने अंगठा त्याच्या पोटावरून हलकेच, डोक्याकडून शेपटीकडे फिरवला. त्या अंगठ्याला अंड्यातला जीव कळायचा, मादीच्या पोटातली अंडी मोजता यायची.

"हं," तो म्हणाला. "गोळा चांगला लागतोय."

तिला वाटलं, म्हातारपणी बोटंही डोळ्यांसारखी झाली.

"हाताला गुण आहे तुझ्या," तो म्हणाला. "इतकी वर्षं कुठे लपवला होतास? ने याला घरी. तुझंच समज. शेचाळीस वर्षांची झालीस, एक तरी जीव सांभाळून बघ."

बोलण्यात नेहमीचा काटा होताच. पण त्याआधीचं वाक्य तिने जन्मात पहिल्यांदा ऐकलं होतं. निघताना फाटकाच्या खांबावर एक कुकाबरा पक्षी बसला होता. तिने खिशातलं गुलाबी त्याच्याकडे भिरकावलं, आणि त्याने ते हवेत झेलून खांबावर दोनदा आपटलं.

शुक्रवारी ती नेहमीपेक्षा लवकर आली. ॲथोल खुर्चीतच होता. रेडिओवर पिकांचे भाव सांगत होते. त्याचा हात तिने हातात घेतला तेव्हा तो फळीइतका गार होता. डॉक्टर म्हणाले, पहाटे हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसावा.

बुधवारी दहनानंतर बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये सगळे जमले. सॉसेज रोल होते, लॅमिंग्टन केक होते, मोठ्या किटलीतला चहा होता. लेस्टर बोलायला उभा राहिला आणि त्याने जत्रेतली गोष्ट सांगितली. ती ॲथोल दर वर्षी सांगायचा: नऊ वर्षांच्या रोवीनाच्या गळ्यात त्याने सात फुटी अजगर कसा घातला, पोरीची चड्डी स्टेजवरच कशी ओली झाली, आणि ॲथोल माइकवर कसा म्हणाला की मंडळी, अजगर पाण्यातही पोहतो. हॉल हसला. रोवीनाही हसली. तिला त्या हसण्याची सवय होती. कुठे सुरू करायचं आणि कुठे थांबवायचं ते तिला पाठ होतं. मग बायका एकेक करून येऊन तिचा हात दाबून गेल्या. सहा वर्षं एक सकाळ चुकवली नाही, असं प्रत्येकीने सांगितलं. अशी लेक असावी.

चौदाचा डबा आता तिच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर होता. उबेचं यंत्र एकतीस अंशांवर लावलेलं, आत वाटीत पाणी, लपायला कागदी नळीचा तुकडा. नवव्यांदा तिने गुलाबी धरलं, पिल्लाने तोंड फिरवलं. तिने कार्डावर 'नाकारलं' असं लिहिलं. वरची 'घेतलं' ही ओळ खोटी होती, ती तशीच राहिली. दहाव्यांदाही तेच. पिल्लाच्या पाठीचा कणा आता दोऱ्यासारखा उठून दिसत होता आणि दोन्ही बाजूंची कातडी सैल पडली होती. उचललं तर ते हाताला विळखा घालेना, नुसतं ओघळायचं.

वाचून कळण्यासारखं होतं तेवढं तिने वाचून काढलं होतं. करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती आणि ती करायला तिला पाच दिवस लागले. मेलेल्या माणसाची बंदी मोडायला जिवंतपणीच्या बंदीपेक्षा जास्त वेळ लागतो.

रविवारी सकाळी तिने वीजमीटरच्या पेटीमागून एक पाल पकडली. पालीने शेपूट टाकलं. ते तिच्या तळहातावर वळवळत राहिलं, आणि पाल तिच्या दुसऱ्या मुठीत धडधडत राहिली. तिने पाल सोडून दिली. शेपटीच्या तुटक्या टोकाने गुलाबीचं डोकं आणि पाठ नीट, एकही जागा न सोडता चोळली, जखमेवर मलम लावावं तशी. मग चिमटा आत घातला.

पिल्लाची जीभ बाहेर आली. पुन्हा आली. डोकं इतकं सावकाश पुढे सरकलं की तिला ते सरकलेलं कळलं नाही. कळलं ते एकदम चिमट्याला बसलेल्या हिसक्याने. पिल्लाने गुलाबीला तीन वेटोळी घातली. ते आधीच मेलेलं आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने ते पुरतं आवळलं, वाट पाहिली, आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. शेवटी मागचे दोन गुलाबी पाय तोंडाबाहेर राहिले, मग तेही गेले. मानेखाली गोळा दिसायला लागला. या वेळी खरा.

रोवीना खुर्चीत बसली. तिला कोणालातरी सांगायचं होतं, आणि ज्याला सांगायचं तो माणूस केव्हाच राख झाला होता.

शनिवारी लेस्टर कोठी रिकामी करायला आला. पाळण्याचा परवाना ॲथोलच्या नावाचा, तेव्हा सगळे साप मंडळाकडे जायचे होते. एक पिल्लू तेवढं रोवीनाने आपल्या नावावर करून घेतलं होतं. डबे गाडीत चढवून झाले, कपाटाच्या फळ्या सुटल्या. लेस्टर घाम पुसत ॲथोलच्या खुर्चीच्या हातावर टेकला. तेव्हा तिने त्याला सांगितलं की चौदा नंबरने खाल्लं. पालीचा वास लावून. आणि मग, एवढं सांगितलंच आहे तर, हेही सांगितलं की त्या गुरुवारी त्याने खाल्लं नव्हतं. आपण डॅडशी खोटं बोललो, आणि तो ते खरं मानून गेला.

लेस्टर हसायला लागला. वाईट हसणं नव्हतं ते. घरातल्या माणसाचं होतं.

"अगं पोरी, त्याला तेव्हाच कळलं होतं."

"कसं कळेल? गोळा लागतोय म्हणाला."

"संध्याकाळी फोन केला होता त्याने मला. म्हणाला, माझी लेक उपाशी पिल्लू हातात देते आणि जेवलंय म्हणून सांगते. जेवलेल्या सापाला दोन दिवस हात लावायचा नाही, हे तिला चालायच्या आधी शिकवलंय मी. मी मागितलं, तर खरं बोलणारीने दिलं नसतं. हिने निमूट दिलं."

रोवीनाला आठवलं. त्याचा पुढे केलेला तळहात, आणि आपण पिल्लू किती पटकन त्यावर ठेवलं ते.

"आणि हाताला गुण आहे म्हणाला, ते?"

"तेही सांगितलं," लेस्टर म्हणाला. "इतका हसला की खोकला लागला त्याला. म्हणाला, आता राहू दे तिच्याकडे. तिच्या घरात वाळून मेलं की अक्कल येईल. असाच होता गं तो. मनात ठेवू नकोस. तू त्याचं इतकं केलंस, सगळं गाव बघतंय. सहा वर्षं एक सकाळ—"

"चुकवली नाही," रोवीना म्हणाली.

कोठीत आता काही नव्हतं. भिंतीवर कपाटाचा फिकट चौकोन, आणि खुर्ची. लेस्टरने टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तो तिच्याकडे बघत राहिला, कारण ती त्याच्याकडे बघत नव्हती, खुर्चीकडे बघत होती.

"सहा वर्षं मी रोज फाटकापाशी गाडी थांबवायचे," ती म्हणाली, "आणि आत यायच्या आधी मनात म्हणायचे, आज तो मेलेला असू दे. रोज, लेस. ख्रिसमसलासुद्धा. त्या एका शुक्रवारी तेवढं म्हणाले नाही. त्या दिवशी मी गाणं गुणगुणत आले होते. त्या दिवशी मला तो जिवंत हवा होता."