दस्ता कुणाच्या मापाचा

मी पुन्हा नळी बदलायला सांगितली तेव्हा योस्टेननं हातातला ब्रश खाली ठेवला.

"हेर शितोळे, नळी आता बदलणार नाही. आहे ती बसवू, नाहीतर सगळं खोक्यात भरून घरी न्या."

योस्टेन बंदुका बनवतो. जर्मन आहे, 'हेर' म्हणजे श्रीयुत. जर्मनीत आखनच्या दक्षिणेला, आयफेलच्या डोंगराळ भागातल्या एका गावात त्याचं वर्कशॉप आहे. माझी बायको मालिनी त्याच्याकडून शिकारीची रायफल बनवून घेत होती. दुकानात तयार मिळते तशी नव्हे. एकेक भाग वेगळा निवडायचा आणि लांबच्या नेमासाठी सगळे एकमेकांशी जुळवायचे. एप्रिलमध्ये मालिनी गेली. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता, कळला तेव्हा फार पसरला होता. रायफल अर्धी राहिली. तेव्हापासून तिचे भाग मी निवडत होतो, आणि निवडलेले पुन्हा बदलत होतो.

का बदलत होतो ते लपवण्यात अर्थ नाही. रायफल पूर्ण झाली असती तर मालिनीचं म्हणून करायचं काही उरलं नसतं. बँक, विमा, तिचे कपडे, सगळं उरकलं होतं. ही एकच गोष्ट चालू होती. ती संपल्यावर सकाळी कशासाठी उठायचं, ते मला समजत नव्हतं.

मालिनी मूळची शिकारी नव्हे. वनस्पतिशास्त्रात पीएचडी करायला ती जर्मनीत आली. आयफेलच्या जंगलात फिरून हरणांनी किती रोपं खाल्ली ते मोजायचं, हे तिचं काम. दर वर्षी मोजायची, आणि दर वर्षी कोवळी झाडं कमीच भरायची. एकदा तिथला फॉरेस्टर तिला म्हणाला, "नुसतं मोजून काय होणार, फ्राऊ शितोळे? हरणं कमी कोण करणार?" ते तिच्या मनाला लागलं. तिनं शिकारीच्या परीक्षेचा क्लास लावला आणि मलाही ओढून नेलं. दोघंही पास झालो. पुढे ती मचाणावर बसायची आणि मी शेजारी थर्मास धरून. मारलेलं हरीण ती स्वतः सोलायची आणि काळ्या मसाल्यात त्याचा रस्सा करायची. तो खायला तिचे थोरले भाऊ राजाभाऊ बॉनहून गाडी हाणत यायचे.

तिला एकदा बव्हेरियाच्या डोंगरात गाम्सच्या मागे जायचं होतं. गाम्स म्हणजे तिथला रानबकरा. कड्यावर उभा असतो, मध्ये दरी असते, जवळ जाताच येत नाही. आयफेलच्या झाडीत एवढ्या लांबून कुणी गोळी घालत नाही, घातली तर लोक नावं ठेवतात. डोंगरात मात्र कधी कधी दुसरा इलाज नसतो. तिच्या ओळखीचा एक फॉरेस्टर तिकडे होता. तो म्हणाला होता, रायफल तयार झाली की या. म्हणून ही रायफल.

हॉस्पिटलमध्येही ती टॅबलेटवर भाग बघत पडायची. मी मोठी नळी दाखवली. नळी लांब असली की गोळीला वेग जास्त मिळतो.

"लांब नको," ती म्हणाली. "जड होते. डोंगर मला चढायचाय, तुला नाही."

"मी उचलीन की."

"तू थर्मास उचल. तेवढं जमतं तुला."

तेव्हा तिला पलंगावरून खुर्चीत बसवायला दोन नर्स लागत होत्या.

ती गेल्यावर योस्टेनचा फोन आला. मालिनीनं सांगितलेली हलकी नळी त्याच्याकडे येऊन पडली होती. म्हणाला, "लगेच बसवतो, थोड्या दिवसांत काम होईल." मी घाईघाईनं म्हणालो, "थांबा, मला जाड नळी हवी."

माझं सगळं आयुष्य गाड्यांचे सुटे भाग डिझाइन करण्यात गेलं. आमच्या कामात एका तारखेला डिझाइन फ्रीज होतं. त्यानंतर स्क्रूसुद्धा बदलायचा नाही. पोरं शेवटच्या दिवशी बदल घेऊन यायची आणि मी त्यांना हाकलून द्यायचो. त्यामुळे कुठला भाग हलवला की बाकीचे किती हलतात, हे मला चांगलं माहीत होतं. मी तेच हलवत राहिलो. रायफलवरच्या दुर्बिणीची पुढची काच मोठी घेतली. काच मोठी म्हणून ती पकडणाऱ्या रिंगा उंच आल्या. रिंगा उंच म्हणून दस्त्यावर, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडावर, गाल टेकायची जागा उंच करावी लागली. मग वजन वाढलं, म्हणून जाड नळी परत करून आखूड मागवली. आखूड नळीला गोळी फिरवणारा आतला पीळ वेगळा हवा, असं मीच शोधून काढलं. पहाटे पहाटे योस्टेनला लांबलचक मेल लिहायचो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चापाच्या स्प्रिंगांबद्दल वाचायचो. जेवण उभ्यानंच व्हायचं. मालिनीच्या बुटांना आयफेलचा चिखल तसाच होता. तो मी काढला नाही आणि कुणाला काढू दिला नाही.

राजाभाऊ अधूनमधून यायचे. एकदा टेबलावर पसरलेले माझे तक्ते बघून म्हणाले, "अहो श्रीरंगराव, बंदूक घेताय की लग्नाचा शालू? मालिनीनं शालूसुद्धा तासाभरात उरकला होता. आई म्हणत होती अजून बघ, तर ही म्हणाली, भूक लागली."

मी हसलो नाही.

"झाली तयार, की काय करणार आहात?" त्यांनी विचारलं.

"काय म्हणजे?"

"म्हणजे तेच विचारतोय. पुढे काय?"

मी म्हणालो, "बघू." त्यांनी चहा तसाच ठेवला आणि निघाले.

आता वर्कशॉपमध्ये योस्टेन टेबलाच्या पलीकडे उभा होता आणि मी नवीच नळी हवी म्हणून अडून बसलो होतो. तो म्हणाला, "आणखी एक. तुमच्या मुलीचा फोन आला होता."

"कादंबरीचा? तुम्हाला?"

"रायफल पूर्ण झाली तरी तुमच्या हातात देऊ नका, म्हणाली. आधी तिला कळवा, असं. तुम्हाला न सांगता कळवणं मला पटलं नाही. पण तिचं म्हणणं मी ऐकलंय. आणि मला शंका असेल तर मी हत्यार देणार नाही, हेही तुम्हाला तोंडावर सांगतो."

कादंबरी माझी एकुलती मुलगी. कायझर्सलाउटर्नला रिसर्च करते. मला इतका राग आला की गाडीत बसून मी तिथूनच फोन लावला.

"तू काय केलंस? मी काय वेडा झालोय?"

ती नेहमी मराठी ऐकून जर्मनमध्ये उत्तर देते. तेव्हाही तसंच. म्हणाली, "बाबा, तू तिथेच थांब. मी आखनला आले आहे. राजामामा मला तिकडे आणून सोडतोय."

म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं. तासाभरानं राजाभाऊंची गाडी आली. ते उतरले नाहीत. काच खाली करून एवढंच म्हणाले, "शिव्या मला घाला, तिला नको." आणि गाडी पुढे नेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत जाऊन बसले.

मी पुन्हा वर्कशॉपमध्ये गेलो, पाठोपाठ कादंबरी आत आली. योस्टेन मागच्या खोलीत जायला निघाला, तर ती म्हणाली, "तुम्ही थांबा, प्लीज." मग माझ्याकडे वळली. "गेल्या रविवारी मी फोन केला तेव्हा तू काय म्हणालास आठवतं? मी विचारलं, ख्रिसमसला येतोस का. तू म्हणालास, तोपर्यंत रायफल झालेली असेल."

"मग? त्यात काय?"

"त्यात काय? बाबा, माणूस असं उत्तर देतो का? मी त्या रात्री झोपले नाही. तुझ्या घरात आईच्या बंदुकीचं कपाट आहे. किल्ली तुझ्याकडे. तू जेवत नाहीस. फोन उचलत नाहीस. आणि बोलतोस ते फक्त ही कधी होणार याबद्दल."

"ती होऊ नये म्हणून तर मी..." मी जर्मनमध्येच म्हणालो आणि थांबलो.

"काय?"

योस्टेन म्हणाला, "हे बघा, ते खरं आहे. तुमचे वडील ही रायफल पूर्ण होऊ देत नाहीत. सगळे भाग मी कधीचे जुळवले असते."

मी स्टुलावर बसलो. मला सांगावंच लागलं. म्हणालो, "ही झाली की संपलं. मग तुझ्या आईचं माझ्याकडे काही काम नाही. तू भितेस ही होईल म्हणून, आणि मीपण त्यालाच भितो."

"झाल्यावर तू काय करशील?"

"माहीत नाही."

"बाबा, सरळ विचारते. तुला मरायचंय?"

असं कुणी मला विचारलं नव्हतं. शेजारी, ऑफिस, डॉक्टर, सगळे 'वेळ लागतो' म्हणायचे. मी तिला खोटं सांगू शकलो असतो. खरं असं होतं की मला मरायचं नव्हतं, पण उठायचंही नव्हतं, आणि या दोन्हींतला फरक एखाद्या दिवशी मला सापडत नसे. मी तिला तसंच सांगितलं. हे मात्र मराठीत सांगितलं, म्हणून योस्टेनला काही कळलं नाही. पण तो उठला आणि त्यानं बाहेरच्या दारावर बंदची पाटी लावली.

कादंबरी रडली. मी तिचा हात धरला तर तिनं सोडवून घेतला, आणि मग परत स्वतःच धरला.

"घरी कपाटात ठेवू नकोस," ती म्हणाली. "ही नाही, आईची जुनीही नाही."

मी योस्टेनला विचारलं, "बोल्ट तुमच्याकडे ठेवता येतील? दोन्हींचे?" बोल्ट म्हणजे गोळी आत सरकवून उडवणारा भाग; तो काढून घेतला की रायफल म्हणजे नुसती नळी आणि लाकूड. "मला शिकारीला जायचं असेल तेव्हा मी इथे येऊन मागीन. तुम्ही माझं तोंड बघा आणि मग ठरवा."

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "माझ्या तिजोरीत राहतील. जुना आजच आणून द्या."

"आज," कादंबरी म्हणाली. "मी बरोबर जाते."

"आणि डॉक्टर," ती पुढे म्हणाली. "वेळ लागतो म्हणणारा नाही. दुसरा."

"बरं."

"बरं नाही. सोमवारी मी फोन करणार, तू शेजारी बसणार."

मी मान हलवली. मला वाटलं, झालं, आता निघू. पण योस्टेननं कपाटातून अक्रोडाचा एक लांब ठोकळा काढून टेबलावर ठेवला. दस्त्याचं लाकूड. मालिनीनं स्वतः निवडलेलं. एका टोकाकडे पेन्सिलची आडवी रेघ होती.

"ही तुमच्या पत्नीची लांबी," तो म्हणाला. "ती बरी होती तेव्हा मी घेतलेली. इथे कापलं तर रायफल तिच्या मापाची होईल. तुम्ही नेम धरलात तर दुर्बीण भुवईवर आपटेल. तुमच्यासाठी कापलं तर रेघेच्या पुढे कापावं लागेल, आणि ही रेघ तासताना जाईल. बाकी सगळं तुम्ही पुन्हा पुन्हा बदललंत. हे एकदा कापलं की लांब करता येणार नाही. मी पट्ट्या लावून वाढवत नाही, आधीच सांगतो."

मी त्या रेघेवर बोट ठेवलं. तिची लांबी तिथपर्यंतच. मालिनी बुटकी होती. माझ्या खांद्याला लागायची.

मला म्हणायचं होतं, तिथेच कापा. कापून द्या, भिंतीवर टांगतो, कुणी हात लावू नका. योस्टेननं तसंही केलं असतं.

कादंबरी शिकारीच्या विरोधात आहे, मांस खात नाही, आईशीही भांडायची. ती म्हणाली असती, तिथेच कापा, तर माझी सुटका झाली असती. ती फक्त लाकडाकडे बघत होती.

"डोंगर चढायचाय," मी म्हणालो. मला स्वतःलाच कळेना हे मी कुणाला सांगतोय. मग म्हणालो, "नळी मालिनीनं सांगितलेली. हलकी. दुर्बीण छोटी, पहिली होती ती. चापही तोच. आता फ्रीज."

"आणि दस्ता?"

"माझं माप घ्या."

योस्टेननं मापाची लाकडी बंदूक आणली. तिचा दस्ता मागेपुढे सरकवता येतो. "सरळ उभे राहा. डोळे मिटा. खांद्याला लावा, सहज, जशी लागेल तशी. गाल टेकवा. मग डोळे उघडा. तुम्हाला समोर काय दिसतं त्यावरून मला कळेल किती सरकवायचं."

मी डोळे मिटले. बंदूक खांद्याला लावली. गाल टेकवला. लाकूड गार होतं. शेजारी थर्मास धरायला कुणी नव्हतं, आणि मचाणावर मालिनी नव्हती. आत अंधार होता आणि तिथे बरं वाटत होतं.

"उघडा," योस्टेन म्हणाला.

मी उघडले नाहीत.

"हेर शितोळे, डोळे उघडा."

बराच वेळ तसाच उभा राहिलो. हात भरून आले. मग माझ्या पाठीवर हात पडला, कादंबरीचा.

"बाबा," ती म्हणाली. "उघड."

मी डोळे उघडले. समोर खिडकी होती, आणि पलीकडे बेकरीच्या दारात राजाभाऊ कागदी पिशवी घेऊन उभे होते, आत यावं की नाही अशा विचारात.

"जरा उंच बघताय," योस्टेन म्हणाला आणि त्यानं दस्ता थोडा सरकवला. "पुन्हा."