झेलीच्या गालावरचा डाग

शिवरात्रीच्या त्या आठवड्यात ऊनझऱ्याला पाय ठेवायला जागा नव्हती. पांढरकवड्याहून एस.टी.च्या जादा गाड्या सुटलेल्या, यवतमाळच्या एका कॉलेजची सहल आलेली, नागपूरच्या वकीलसाहेबांची मोटार चिंचेखाली उभी, आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या बैलगाड्यांची तर गणतीच नव्हती. पैनगंगेच्या खोऱ्यात एका ठिकाणी जमिनीतून गरम पाणी येतं, एवढंच खरं तर त्या गावाचं वैभव. पाण्यात गंधक आहे. त्यानं खरूज बरी होते, आखडलेले सांधे मोकळे होतात. पण नुसत्या गंधकापुढे नारळ कोण फोडणार? म्हणून कुंडाच्या काठी देव आला, देवामागे भिकारी आले, आणि साठ सालच्या आसपास एका माघात भिकाऱ्यांच्या रांगेच्या टोकाला झारीबाबा येऊन बसला.

बाबाजवळ एक पितळी झारी, एक मोरपीस, कापराचा वास येणारी एक काळी कुपी आणि आठेक वर्षांची एक पोरगी होती. पोरीला पोत्यावर बसवलेलं. अंगावर ठिकठिकाणी डाग, फोड, खपल्या. बाबा तिला 'झेली' म्हणे. लोकांचं दुखणं झेलते म्हणून झेली.

"दे गा दे, सुटशील रे!" बाबा ओरडे. "ओटीत पडला पैसा, पोरीनं घेतला वसा! तुझं दुखणं झेली झेलते, झेलीचं दुखणं कुंड धुते!"

बाबाच्या या वेदात यमक होतं, आणि गर्दीला यमक पुरतं.

रीत अशी होती. दुखणेकऱ्यानं झेलीच्या ओटीत पैसे टाकायचे आणि दुखणं कुठं आहे ते सांगायचं. बाबा मोरपिसाचं टोक कुपीत बुडवून पोरीच्या अंगावर त्याच जागी काजळासारखी रेघ ओढी. "मी काई करत नाही बाप्पा, देवाले फक्त जागा दाखवतो." दुसऱ्या दिवशी त्या जागी लालभडक डाग उठलेला असे. वकीलसाहेबांचा गुडघा दुखत होता, तर पोरीचा गुडघा सुजला. वकीलसाहेबांनी त्या गुडघ्याचा फोटो काढला, ओटीत नोट टाकली, दोन वेळा गरम पाण्यात बसले आणि म्हणाले, "कमाल आहे! निम्मं दुखणं गेलं!" कोणाच्या प्रतापानं गेलं, हे त्यांनी पाण्याला विचारलं नाही.

या गर्दीत तुळसाबाई उभी होती. कडेवर सहा वर्षांची लेक सुभी. पोरीचं तोंड पदरानं झाकलेलं.

तुळसाबाई केळापूरजवळच्या एका खेड्यातली. नवरा मागेच वारला होता. जंगलातले बिब्बे आणून फोडायचे, आतली गोडंबी काढून विकायची, यावर मायलेकींचं चाले. पंधरा दिवसांपूर्वी शाळेत सरकारी कुष्ठरोग पथकातला भीमराज नावाचा तरुण सायकलवर आला होता. त्यानं पोरांना ओळीत उभं केलं, अंगं पाहिली. सुभीच्या डाव्या गालावर रुपयाएवढा फिका चट्टा होता. त्यानं तिला डोळे मिटायला लावले, चट्ट्यावरून पीस फिरवलं आणि विचारलं, "कुठं लागते सांग." सुभी म्हणाली, "कुठंच नाही."

भीमराजनं तुळसाबाईला बाजूला घेऊन समजावलं. "भिऊ नको माय. सुरुवातच हाय. ह्या गोळ्या फुकट हायेत. दोन-तीन वर्सं नेमानं दे, पोरगी साफ बरी होते. हातपाय वाकडे होत नाहीत, काई नाही."

तुळसाबाईनं यातून एकच ऐकलं: महारोग. आणि तिच्याबरोबर गावानंही ऐकलं. दुसऱ्या दिवशी विहिरीवर तिची घागर कोणीतरी काठीनं दूर सारली. तिसऱ्या दिवशी सुभीला शाळेतून घरी पाठवलं. गोडंबी घेणाऱ्या दुकानदारानं दारातूनच हात हलवला. शेजारीण म्हणाली, "अन् त्या भीमराजच्या गोळ्या घेतं तू? कालपरवा धरम बदलवला त्यानं. आपल्या देवाचा कोप त्याच्या गोळीनं जाईन का?" तुळसाबाईनं गोळ्या कोनाड्यात ठेवल्या, सुभीला उचललं आणि ऊनझऱ्याची वाट धरली.

ती बाबापुढे कोसळलीच. गळ्यातली चांदीची सरी काढून झेलीच्या ओटीत टाकली. बाबानं सुभीच्या तोंडावरचा पदर दूर केला, चट्टा पाहिला आणि क्षणभर मागे सरकला. सिद्धपुरुषालाही महारोगाची भीती वाटत असावी. मग सावरून म्हणाला, "मोठं पाप हाय माय. एका दिवसात जानार नाही. पाच दिवस लागतीन. शिवरात्रीपावतर राहाय."

मोरपिसाची रेघ झेलीच्या डाव्या गालावर ओढली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेलीचा डावा गाल टरारून सुजला होता. गर्दीनं जयजयकार केला. तुळसाबाईनं जमिनीला डोकं टेकवलं आणि वर पाहिलं. तेव्हा तिला तो ओघळ दिसला. डाग गालावर गोल होता, पण त्याच्या खालच्या कडेपासून हनुवटीपर्यंत एक बारीक लाल रेघ उतरली होती. पातळ काहीतरी ओघळावं तशी. रेघेवर बाजरीच्या दाण्यांएवढे फोड.

असा ओघळ तिच्या मनगटावर होता. बारा वर्षांत असे किती ओघळ तिच्या हातांवर उठले आणि वाळले. बिब्ब्याचा काळा चीक उडाला की दुसऱ्या दिवशी असंच होतं. हे तिला जितकं माहीत होतं तितकं त्या गर्दीत कोणालाच माहीत नव्हतं.

तिनं मान फिरवली. 'देवाचं करनं असंल,' ती मनाशी म्हणाली. कारण तो बिब्बा असेल तर देव नव्हता, आणि देव नसेल तर सुभीला कोण होतं? संध्याकाळी तिनं पायातले वाळे विकून आलेले पैसे ओटीत टाकले. पुन्हा रेघ ओढली गेली. तिसऱ्या दिवशीही. सुभीचा चट्टा होता तसाच होता, पण आई रोज म्हणे, "जरासा फिका झाला, नाही का?"

चौथ्या दिवशी झेलीचा डावा डोळा सुजून मिटून गेला. पापणीतून पू येत होता.

दुपारी बाबा जेवून चिंचेखाली घोरत होता. तुळसाबाई सुभीला भाकरी भरवत होती. झेली पोत्यावरून सरकत सरकत जवळ आली. तुळसाबाईनं अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. पोरगी ती खाईना. एका डोळ्यानं सुभीकडे पाहत बसली.

"माय," ती म्हणाली, "तुमी कधी जासान?"

"काहून वं?"

"तुमी गेल्या का गालाले लावनं बंद होते. मंग दुसऱ्या कोनाचं दुसरीकडं लावते. गालाचं लय आग मारते. डोयातच शिरते."

तुळसाबाईनं हातातला घास खाली ठेवला. "तुहा बाप हाय का तो?"

"नाही. काकानं देल्ली मले. मायं नाव उकंडी हाय."

"मंग तू सांगत काहून नाही कोनाले?"

"सांगतलं होतं एका बाईले. तिनं अजून पैसे टाकले." पोरीनं हातातल्या भाकरीकडे पाहिलं. "पैसे पडले का डाग देते माय. नाही पडले का भाकर देत नाही."

तुळसाबाई उठली. गाठोड्यातून खोबरेलाची बाटली काढली आणि उकंडीच्या गालावर बोट फिरवू लागली, जसं रोज स्वतःच्या हातावर फिरवी. बोटाखाली पोरीची कातडी तापलेली लागत होती. चार दिवस आपणच ही आग लावत होतो. सरी देऊन, वाळे देऊन.

भीमराज त्याच दिवशी ऊनझऱ्याला आला होता. भिकाऱ्यांची रांग तपासायची त्याला सरकारी कामगिरी होती. तुळसाबाईनं त्याला मोहिउद्दीनच्या चहाच्या हॉटेलाजवळ गाठलं.

"ते बिब्बा हाय," ती म्हणाली.

भीमराजनं उसासा सोडला. "मले शक होता. मागं मी बाबाले हटकलं, त लोकाईनं मायी सायकल कुंडात टाकली. माया शब्दावर कोन इश्वास ठेवते?"

"त मी सांगतो."

"तुले इचारतीन, तू कोन? इथं कायले आली? पोरीचं सांगा लागंन साऱ्यासमोर."

तुळसाबाईनं सुभीच्या गालावरचा पदर जरासा सारला. मग म्हणाली, "मायी पोरगी झाकून त्या पोरीचा डोया गेला. आता काय झाकू?"

दुसऱ्या दिवशी शिवरात्र. दिवस उगवायच्या आत कुंडाभोवती हजारभर माणूस. बाबानं नवं भगवं नेसलं होतं. "दे गा दे, सुटशील रे!" म्हणत त्यानं मोरपीस कुपीत बुडवलं, आणि तुळसाबाईनं त्याचं मनगट धरलं.

"थांब. हे काजय नाही. हा बिब्ब्याचा चीक हाय."

बाबा हसला. "बाई, देवाच्या तीर्थाले बिब्बा म्हनतं? जीभ झडंन तुही."

"झडली त झडो. बारा वर्सं बिब्बे फोडून राह्यलो मी. हे पाहा हात." तिनं दोन्ही हात गर्दीसमोर धरले. काळे पडलेले, भेगाळलेले, जुन्या डागांनी भरलेले. "अन् हे या पोरीचं अंग. सारखं दिसते का नाही? सांगा!"

"ही बाई कोन?" कोणीतरी विचारलं.

तिनं सुभीच्या तोंडावरचा पदर काढला. "मायी पोरगी. महारोग हाय तिले. पाच दिवस झाले, सारं देऊन बसलो बाबाले. हा पाहा चट्टा. होता तसाच हाय."

गर्दी लाटेसारखी मागे हटली. "दूर कर तिले! उपासाच्या दिवशी देवाले इटाय!" एक दगड तुळसाबाईच्या खांद्याला लागला. भीमराज तिच्यासमोर येऊन उभा राहिला, हॉटेलातून मोहिउद्दीन धावत आला. पण ती मागे हटली नाही.

"बाबा, तीर्थ हाय न हे? मंग लाव आपल्या गालाले."

"मी सिद्ध आहे. मला पाप लागत नाही!" बाबाची भाषा घाईघाईत शहरी झाली.

"लागत नाही, तर लावायला भीती कसली?" सहलीतल्या पोरांत कोणीतरी म्हटलं आणि दोघेतिघे हसले. त्या हसण्यानं बाबाचा चेहरा उतरला. तो कुपी उचलायला वाकला, पण तुळसाबाईनं कुपी आणि मोरपीस दोन्ही आधीच घेतली होती. तिनं मोरपिसानं स्वतःच्या डाव्या गालावर जाड रेघ ओढली.

"माया ओटीत कोनी पैसा टाकू नका. कोनाचं दुखनं मी घेत नाही. मंतर नाही, देव नाही. सकायी उपास सोडाले थांबसान न? तवा या अन् पाहा."

ती तिथंच बसली. जैबुनबीनं, मोहिउद्दीनच्या बायकोनं, उकंडीला उचलून घरात नेलं आणि दाराला कडी घातली.

सकाळी लोक आले. काही चेष्टेनं, काही भीत भीत. तुळसाबाईचा गाल लाल झाला होता, फोड उठले होते, आणि हनुवटीपर्यंत एक ओघळ उतरला होता. हुबेहूब उकंडीसारखा. बाबाची जागा रिकामी होती. पहिल्या गाडीनं तो गेला होता, चांदीच्या सरीसकट.

भीमराजनं बिब्ब्याचं एक फळ दगडावर ठेचून चीक दाखवला. "परीट कपड्यावर खूण करते तो हाच. कापूर टाकला का वास लपते. कातडी भाजाले एक दिवस लागते, म्हनून दुसऱ्या दिवशी चमत्कार होते. ज्याइचं दुखनं गरम पान्यानं उतरलं ते गावोगाव सांगत गेले. ज्याइचं नाही उतरलं ते घरी बसले, त्याइले कोनी इचारलंच नाही."

जैबुनबीनं उकंडीला बाहेर आणलं, तेव्हा वकीलसाहेबांच्या पत्नी पुढे आल्या. उकंडीचा डोळा पाहून त्यांना रडू कोसळलं. पर्समधून दहाची नोट काढून त्या पोरीच्या ओटीत टाकू लागल्या. तुळसाबाईनं त्यांचा हात अडवला.

"बाई, तुमचा जीव चांगला हाय. पन याच पैशानं तिचा डोया गेला. माया पैशानं, तुमच्या पैशानं. द्यायचंच असंन त मोटार द्या. दोन्ही पोरीले पांढरकवड्याच्या दवाखान्यात सोडा."

वकीलसाहेबांनी सुभीच्या गालाकडे पाहिलं, मग मोटारीतल्या पांढऱ्या खोळींकडे. "आम्हाला जरा घाई आहे," ते म्हणाले. मोटार धूळ उडवत गेली.

एस.टी.चा कंडक्टरही घुटमळला. तेव्हा भीमराज सुभीला मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसला आणि म्हणाला, "मले रोज अशी शंभर मानसं हात लावतात. मले काई झालं का?" कंडक्टरनं घंटी मारली.

उकंडीचा डोळा वाचला नाही. चार दिवस आधी आणली असती तर वाचला असता, असं दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते वाक्य तुळसाबाईनं जन्मभर कोणाला सांगितलं नाही आणि एक दिवसही विसरली नाही. उकंडीला तिनं घरी नेलं. सुभीनं तीन वर्षं गोळ्या घेतल्या. चट्टा गेला. विहिरीवर घागर मात्र अजून दोन वर्षं दूरच राहिली.

वाचकहो, देवदर्शनाला, सहलीला तुम्ही जाता, आणि पसरलेले हात पाहून तुमचं मन कळवळतं. कळवळू द्या. हात पसरणाऱ्याला हिणवू नका. पण ओटीत पैसा टाकून पुढं निघू नका. क्षणभर खाली बसा. नाव विचारा. जखम कशाची, ती कोणत्या दवाखान्यात दाखवली, पैसा संध्याकाळी कोण घेतो, ते विचारा. शेजारी कोणी चमत्कार सांगत उभा असेल तर त्याला म्हणा, आधी स्वतःवर करून दाखव. यासाठी मोठं शिक्षण लागत नाही. तुळसाबाईला सही करता येत नव्हती.